सोळा ऑगस्टचा पाऊस

हेमांगी मॅडमचा पावसाचा तास असला की सावद्याच्या त्या शाळेतली नववी 'ब'सुद्धा गप्प बसायची, आणि नववी 'ब' गप्प बसली म्हणजे शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून डोकावून जायचे. तास दरवर्षी तोच. मोठ्या भावाबहिणींकडून पोरांना तो आधीच पाठ झालेला असायचा, तरी मॅडमच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी होती.

मी तुमच्याएवढी असताना भडगावला शिकत होते, मॅडम सांगायच्या. आमच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता. एका सकाळी तहसील कचेरीत पाऊस मोजला गेला चाळीस मिलिमीटर आणि आमच्या शाळेत भरला एकवीस. मधलं अंतर किती? अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. एवढं बोलून त्या थांबायच्या आणि मग विचारायच्या, आता सांगा, आपल्या गावात किती पाऊस पडला हे दुसऱ्याला विचारून चालेल का? वर्ग एका सुरात नाही म्हणायचा. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात एक वाक्य लिहिलं जायचं: पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

हे वाक्य मॅडमचं नव्हतं. ते पी. झेड. सरांचं होतं. पितांबर झुलाल हे त्यांचं नाव फक्त पगारपत्रकात राहिलं होतं. भडगाव तालुक्यात लहानथोर सगळे त्यांना पी. झेड. सरच म्हणत. भूगोल शिकवायचे. शाळेच्या पर्जन्यमापकाची नोंदवही त्यांनी सव्वीस पावसाळे चालवली, एकही दिवस रिकामा न सोडता. त्या नोंदवहीवर त्यांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला, आणि हेमांगी नावाच्या एका हडकुळ्या मुलीनं नववीत असतानाच ठरवून टाकलं की आपण भूगोलच शिकवायचा.

नववी आणि दहावी अशी दोन वर्षं तिनं रोज सकाळी आठला पर्जन्यमापक वाचला. मापक म्हणजे दुसरं काही नाही, वर नरसाळं आणि आत पत्र्याचा डबा. डब्यातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आकडा चिठ्ठीवर लिहून सरांच्या हातात द्यायचा. रविवारी फाटकावरून उडी मारून आत जायचं. ताप असला तरी जायचं. तिची आई तानुबाई कपाळाला हात लावायची, ही पोर पावसाशी लग्न लावणार आहे म्हणायची. सर मात्र चिठ्ठी घेऊन घडी करून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "तू आहेस म्हणून ही वही आहे." तेवढ्यावर ती पोर दिवसभर हवेत असायची. आकडे तिनं स्वतःच्याही एका वहीत उतरवून ठेवले होते, कारण सरांसारखी आपलीही एक नोंदवही असावी असं तिला वाटायचं.

यंदा सरांनी ती सव्वीस वर्षांची नोंदवही तिच्याकडे पाठवली. पोरांना कामाला लाव, असा सोबत निरोप. डिसेंबरात जळगावला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला खुद्द पी. झेड. सर येणार होते. मुख्याध्यापकांनी लगेच हिशेब मांडला की सरांचीच नोंदवही, सरांचीच विद्यार्थिनी, सरच पाहुणे, म्हणजे आपली शाळा राज्यपातळीवर गेलीच समजा. हेमांगीला राज्यपातळीचं एवढं काही नव्हतं. आपण ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचं काम आपल्या पोरांच्या हातून जगापुढे जाणार, यानंच तिचा ऊर भरून आला होता. नोंदवही तिनं शाळेत नेली तीसुद्धा नव्या रुमालात गुंडाळून.

चार पोरं निवडली. रोज शाळा सुटल्यावर ती संगणकाच्या खोलीत बसून आकडे भरू लागली. त्यात मृणाली होती. ही गावातल्या पेपर एजंटाची मुलगी. कमी बोलायची, पण तिच्या हातून आकडा चुकत नसे. तिसऱ्या आठवड्यात तिनं एक तक्ता केला: जून ते सप्टेंबरच्या एकेका तारखेला सव्वीस वर्षांत मिळून किती पाऊस पडला. एकशे बावीस चौकटी. एकशे एकवीस भरलेल्या आणि एक रिकामी. सोळा ऑगस्ट. सव्वीस वर्षांत भडगावला सोळा ऑगस्टला पावसाचा थेंब पडला नव्हता.

हेमांगीला आनंदानं काय करू नि काय नको झालं. तिनं तो तक्ता वर्गात लावला. बघा, नोंद इमानानं ठेवली की निसर्ग आपणहून अशी कोडी घालतो, असं बरंच काही बोलली. उद्या प्रत्येकानं याचं कारण शोधून आणायचं, असा गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी वर्गाला ऊत आला. आकाश म्हणाला, पंधरा ऑगस्टला एवढी भाषणं होतात की त्या हवेनं ढग पांगत असतील. मॅडमही हसल्या. कोणी चंद्र आणला, कोणी गिरणा धरण आणलं. शेवटी मृणालीनं हात वर केला.

"मॅडम, सोळा ऑगस्टला पेपर येत नाही," ती म्हणाली. "पंधराला पेपरवाल्यांना सुट्टी असते ना. त्या एका दिवशी माझे पप्पा उशिरापर्यंत झोपतात."

वर्ग हसला. हेमांगी हसली नाही. तिला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. पी. झेड. सर पेपर वाचून पाऊस लिहायचे, असं म्हणायचंय का तुला? मग मॅडम जे बोलल्या ते बोलायला नको होतं. मोजपात्र धरायची अक्कल नाही आणि मोठ्या माणसांच्या कामावर बोट ठेवते, आजपासून तू गटात नाहीस. सगळ्या वर्गासमोर बोलल्या. मृणाली खाली बसली, दप्तरातून चाव्यांचा जुडगा काढला आणि त्यातली संगणक खोलीची चावी काढून मुकाट्यानं टेबलावर आणून ठेवली.

घरी आल्यावर हेमांगीनं चहासुद्धा घेतला नाही. पेटीतून आपली शाळेतली वही काढली. मृणालीच्या तोंडावर ती आपटायची असं तिनं वाटेतच ठरवलं होतं. नववीचं वर्ष, सोळा ऑगस्ट: चौदा मिलिमीटर. पुढे तिच्याच बारीक अक्षरात शेरा: कालच्या पताका भिजून रंग गेला. सरांच्या नोंदवहीत त्याच तारखेसमोर शून्य होतं.

एखाद्या दिवसाची गफलत झाली असेल, असं म्हणून ती इतर तारखा बघू लागली, आणि मग ती थांबू शकली नाही. कुठलाच आकडा कुठल्याच आकड्याशी जुळत नव्हता. तिच्या वहीत पाऊस मंगळवारी पडला की सरांच्या वहीत तो बुधवारी पडायचा, तिच्याकडे शुक्रवारी तर त्यांच्याकडे शनिवारी. प्रत्येक वेळी एक दिवस उशिरा, आणि प्रत्येक वेळी तिच्याहून जास्त. क्षणभर तिला वाटलं की आपलेच वार चुकले असतील. लहान होतो, चुकलो असू. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

पण कानबाईचा वार चुकत नाही. खानदेशात कानबाई देवी श्रावणात रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी तिची बोळवण होते, यात आजवर कधी फरक पडलेला नाही. त्या वर्षी रविवारी रात्री जागराच्या मांडवावर पाऊस कोसळला होता, बाया गाणी म्हणत ताडपत्रीखाली सरकल्या होत्या, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन सगळी गल्ली नदीकडे निघाली तेव्हा हेमांगी मिरवणुकीतून निसटून शाळेत पळाली होती. तिच्या वहीत सोमवार, एकवीस मिलिमीटर. हाच तो तिच्या तासातला एकवीस. सरांच्या वहीत सोमवारी शून्य आणि मंगळवारी चाळीस.

तहसीलमध्ये सोमवारी सकाळी पाऊस मोजला की तो मंगळवारच्या पेपरात छापून येतो. मंगळवारी पेपर उघडायचा आणि मंगळवारच्या रकान्यात उतरवायचा. सव्वीस वर्षं. मृणालीनं एका वाक्यात सांगितलं होतं ते मॅडमला कळायला दोन वह्या आणि एक कानबाई लागली.

रविवारी ती भडगावला गेली. भुसावळला गाडी बदलली, जळगावला बदलली, आणि वाटभर सरांच्या बाजूनं कारणं शोधत राहिली. आजारी असतील. वही हरवली असेल, पुन्हा लिहिली असेल. पाचोऱ्यापर्यंत तिनं त्यांना जवळजवळ निर्दोष सोडवलं होतं.

सरांच्या पत्नी मंदाबाई ओसरीवरच होत्या. "उनी का व माय? बैस. मी चहा मांडस," असं म्हणून त्या अंगणातल्या गवती चहाची पाती तोडायला वळल्या. हेमांगीची नजर त्यांच्या हाताबरोबर गेली. गवती चहा एका पत्र्याच्या डब्यात लावला होता. डब्याच्या कडेला लाल रंगात शाळेच्या नावाची तीन अक्षरं अजून शिल्लक होती. दोन वर्षं रोज सकाळी तिनं तो डबा दोन्ही हातांनी उचलला होता, थेंब सांडू नये म्हणून श्वास धरून.

"शाळानाच डबा शे तो," मंदाबाई तिची नजर बघून म्हणाल्या. "सर रिटायर व्हयनात त्या साल नवा उना, तव्हय सरनी घर आना. झाडसाठे बेस शे. पहिलेपाईनच गळे तो, भोक पाडानी गरजच नही पडनी." पहिल्यापासूनच गळका, एवढंच हेमांगीनं ऐकलं.

सर बाहेर आले, तिला बघून खुलले, प्रदर्शनाच्या भाषणाचे मुद्दे सांगायला लागले. तुझं नाव घेणार आहे, म्हणाले. हेमांगीनं दोन्ही वह्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि कानबाईचा सोमवार उघडला. सरांनी चष्मा लावला, दोन्ही आकडे बघितले, चष्मा काढला. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नव्हतं. एखाद्या पोरानं नको तिथं हुशारी दाखवली की शिक्षकाला येतो तेवढाच कंटाळा होता.

एका दिवसानं काय होतं, ते म्हणाले. पाऊस पळून जातो का? वर्षाची बेरीज करून बघ, तहसीलची आणि माझी जवळपास जुळेल. तिनं विचारलं, मग माझ्या चिठ्ठ्या? त्या कशा लिहिणार, सर म्हणाले, डब्याच्या सांध्याची झाळ सुटलेली होती, रात्रभरात निम्मं पाणी गळून जायचं. कधीपासून? वही सुरू केली तेव्हापासूनच असेल. नवा मागवायचा तर अर्ज करावा लागला असता, आणि मग विचारलं असतं की आजवर मोजत कशात होता.

"मला सांगायचं होतं ना, सर," हेमांगी म्हणाली. "पेपरात तहसीलचं चाळीस वाचून, एकवीस नि चाळीस का, हे मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात पाऊस असाच असतो, इथं पडतो नि तिथं पडत नाही. चौदा वर्षं मी पोरांना तेच शिकवते आहे."

"मग ते काय खोटं आहे? पाऊस असतोच तसा," सर म्हणाले. मग थोडे जवळ सरकून, प्रेमानं म्हणाले, "तुला कसं सांगणार होतो? किती आनंदानं यायचीस तू. आणि खरं सांगू का, तुझा मोठा उपयोग झाला. रोज आठला कोणीतरी मापकापाशी उभं असलेलं सगळ्यांना दिसायचं. साहेब आले तरी दिसायचं. त्यामुळे कधी कुणी विचारलंच नाही."

हे त्यांनी शाबासकी म्हणून सांगितलं होतं. हेमांगीला ते कळलं, आणि म्हणूनच ते सोसवेना. ओरडले असते, नाही म्हणाले असते, तर भांडता तरी आलं असतं. तू आहेस म्हणून ही वही आहे, या वाक्यावर तिनं आपला जन्म उभा केला होता. वाक्य खरंच होतं. ती तिथं उभी होती म्हणून ती वही खपत होती. बुजगावण्याला शेतात उभं करतात तसं त्यांनी तिला उभं केलं होतं, आणि ते बिचारं आपण शेत राखतो आहोत असं समजत होतं.

मंदाबाईंनी चहा आणला. गवती चहाचा वास घरभर झाला होता. हेमांगीनं कप उचलला नाही. बस चुकेल, म्हणाली आणि वह्या घेऊन निघाली.

सोमवारी वर्गात गेल्यावर तिनं आधी मृणालीला उभं केलं. अपमान सगळ्यांसमोर केला होता, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायची, एवढं तिला समजत होतं. ती तिनं मागितली, आणि संगणक खोलीची चावी मृणालीच्या हातात ठेवली. मग काहीही न झाकता सगळं सांगितलं: पेपर, गळका डबा, चिठ्ठ्या. चाळीस आणि एकवीसची गोष्ट वहीत लिहिली असेल तर खोडून टाका, म्हणाली. पाऊस जागोजागी वेगळा पडतो हे पुस्तकात खरं आहे, पण माझी गोष्ट खोटी होती.

आकाशनं विचारलं, "मग मॅडम, तहसीलचं चाळीस तरी बरोबर का?"

"असेल. पण मी ते पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

प्रदर्शनाला काय न्यायचं हे पोरांनीच ठरवलं. मृणालीनं तक्त्याचं नावही काढून ठेवलं होतं: सोळा ऑगस्टला पाऊस का पडत नाही? एक नोंदवही खरी की उसनी हे कसं ओळखायचं, ते पायरीपायरीनं. नको म्हणणं तिच्या हातात होतं. सर उद्घाटनाला येणार, तक्त्यासमोर उभे राहणार. सत्तरी ओलांडलेला माणूस. पण नको म्हणायचं तर पोरांना कारण काय सांगायचं? कुणाला दुखवायचं नाही म्हणून खरं झाकायचं, हे कारण तर सरांचंच होतं. तिनं फक्त सरांचं आणि त्यांच्या शाळेचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही अशी अट घातली. मुख्याध्यापकांनी पी. झेड. सरांची नोंदवही एवढेच शब्द ऐकून सही केली.

जळगावला सर आले, फीत कापली, भाषणात हेमांगीचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मग अधिकाऱ्यांबरोबर एकेक टेबल बघत ते सावद्याच्या टेबलाशी पोचले. हेमांगी पोरांच्या मागे उभी होती. आकाश खिळ्यानं भोक पाडलेल्या डब्यात पाणी ओतून दाखवत होता आणि डब्याखालचं मोजपात्र मॅडमनी धरलं होतं. सरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. दोनदा वाचला. बरोबरचे साहेब कौतुकानं मान हलवत होते. कुणाची वही, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

"छान," सर म्हणाले. आवाज कोरडा होता. मग मृणालीला विचारलं, "म्हणजे एक वही उसनी, दुसरी गळक्या डब्याची. मग दोन्हींतली बरी कुठली?"

मृणालीनं मॅडमकडे बघितलं नाही. "गळक्या डब्याची, सर," ती म्हणाली. "तिच्यात पाऊस कमी आहे, पण जितका आहे तितका कुणीतरी पाहिलेला आहे."

साहेब वा म्हणाले. सर निघायला वळले आणि हेमांगीसमोर येऊन थांबले, नेहमी थांबायचे तसे. गेली पंचवीस वर्षं जिथं भेटतील तिथं ती वाकून त्यांच्या पाया पडत आली होती, आणि वाकली की त्यांचा हात तिच्या डोक्यावर यायचा. आताही तो सवयीनं थोडा वर आला. सगळे बघत होते. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तिला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत मोजपात्र होतं, चौदा मिलिमीटरपर्यंत भरलेलं. ते टेबलावर ठेवता आलं असतं. तिनं ते ठेवलं नाही.